आदिवासी समाजांचं वारसा-शिक्षण: कुठून सुरुवात करायची आणि कुणाला विचारून

दरवर्षी ९ ऑगस्ट, म्हणजे जागतिक आदिवासी दिन, जवळ आला की शाळा-कॉलेजांत आणि संस्थांमध्ये आदिवासी संस्कृतीची लगबग सुरू होते. नाच बसवला जातो, पोशाख भाड्याने येतात, भिंतीवर चित्रं निघतात आणि १० तारखेला सगळं गुंडाळून कपाटात जातं. या दिवसाचा मूळ संदर्भ मात्र नाचगाण्याचा नाही. १९८२ साली याच तारखेला संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासीविषयक कार्यगटाची पहिली बैठक जिनिव्हात भरली होती आणि तिथे चर्चा हक्कांची होती.

हा लेख शिक्षक, कार्यकर्ते, संग्रहालयांत आणि ग्रंथालयांत काम करणारे लोक, आणि आपल्याच समाजाचा वारसा पुढच्या पिढीला द्यायला निघालेले आदिवासी तरुण यांच्यासाठी आहे. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. त्या वारशाबद्दलचा निर्णय कुणाच्या हातात आहे, हे शिकवायला घेण्याआधी ठरलं पाहिजे. ते न ठरवता केलेला अभ्यासक्रम म्हणजे दुसऱ्याच्या घरातल्या वस्तू न विचारता उचलून मांडलेलं प्रदर्शन. ते कितीही देखणं असलं तरी.

१. कायदा थोडाच वाचा, पण नीट वाचा

संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने आदिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा १३ सप्टेंबर २००७ रोजी मंजूर केला. १४४ देश बाजूने, ११ तटस्थ आणि ४ विरोधात. विरोध करणारे कोण, तर ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड आणि अमेरिका. चौघांनीही पुढच्या काही वर्षांत भूमिका बदलली. जाहीरनाम्यात ४६ कलमं आहेत, ती सगळी पाठ करायची गरज नाही. आपल्या कामाची मोजकीच आहेत. कलम ११ आणि १२ मध्ये परंपरा, विधी, पवित्र वस्तू आणि त्या परत मिळवण्याबद्दल आहे. कलम १३ भाषा, इतिहास, मौखिक परंपरा आणि जागांची नावं यांबद्दल, कलम १४ आपल्या भाषेत, आपल्या पद्धतीने, आपल्या ताब्यातल्या शाळा चालवण्याबद्दल. कलम १५ सांगतं की बाकी समाजाच्या शिक्षणातही या संस्कृतींचं प्रतिबिंब सन्मानाने पडलं पाहिजे. आणि कलम ३१, सांस्कृतिक वारसा आणि पारंपरिक ज्ञान यांवर त्या समाजाचंच नियंत्रण.

‘जाहीरनामा बंधनकारक नसतो’, असं बैठकीत कुणीतरी हमखास म्हणतं. बरोबर आहे. मग त्याच्यासोबत दोन बंधनकारक कागद ठेवा. नागरी आणि राजकीय हक्कांच्या १९६६च्या आंतरराष्ट्रीय कराराचं कलम २७ अल्पसंख्याकांना आपली संस्कृती, धर्म आणि भाषा जपण्याचा हक्क देतं. बालहक्कांच्या १९८९च्या कराराचं कलम ३० आदिवासी मुलांचं नाव घेऊन तेच सांगतं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार क्रमांक १६९ यापेक्षाही तपशीलवार आहे, पण तो मोजक्याच देशांनी स्वीकारला आहे. नेपाळने २००७ साली स्वीकारला, भारताने नाही. भारतात काम करत असाल तर राज्यघटनेची कलमं २९ आणि ३५० क, १९९६चा पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींचा कायदा (त्यात परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार थेट ग्रामसभेकडे आहे) आणि २००६चा वनहक्क कायदा एवढ्यावर भक्कम पाया बसतो. ओडिशातल्या नियमगिरीचा निकाल आठवा. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली खाणीचा प्रश्न ग्रामसभांकडे पाठवला आणि डोंगरिया कोंधांच्या पवित्र डोंगरावर खाण नको, असं १२च्या १२ ग्रामसभांनी सांगितलं.

कायदा आधी का वाचायचा, याचं उत्तर जपानमधल्या निबुतानीच्या धरणात आहे. ऐनू समाजाच्या जमिनी आणि पवित्र जागा या धरणात जाणार होत्या. कायानो शिगेरू आणि काइझावा कोइची न्यायालयात गेले. १९९७ साली साप्पोरो जिल्हा न्यायालयाने कलम २७चा आधार घेऊन ऐनूंना आदिवासी म्हणून मान्यता दिली आणि भूसंपादन बेकायदा ठरवलं. पण तोवर धरण बांधून पाणी भरलं होतं. निकाल जिंकला, जागा गेल्या. याच कायानोंनी १९८०च्या दशकात निबुतानीत मुलांसाठी ऐनू भाषेचे वर्ग सुरू केले होते. वर्ग आणि खटला ही त्यांच्या लेखी एकाच कामाची दोन टोकं होती.

करायचं इतकंच: एका पानावर तीन रकाने आखा. आपल्याला काय हवं आहे, त्याला आधार कोणता, उत्तर देणारं कार्यालय कोणतं. हे पान त्या समाजाच्या भाषेत तयार करा आणि बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा. लिखाण न वाचणारी माणसंच बहुधा सर्वांत जास्त जाणणारी असतात.

२. समाज म्हणजे कोण, हे गृहीत धरू नका

बाहेरून येणारा माणूस पहिल्या दिवशी ज्याला भेटतो, त्यालाच समाजाचा प्रतिनिधी समजतो. तो बहुधा पुरुष असतो, सरकारी भाषा चांगली बोलणारा असतो आणि त्याला पाहुण्यांची सवय असते. त्याच्यात वाईट काही नाही. पण अंगाई त्याला येत नाही, आणि सुईणीचं ज्ञान त्याच्याकडे विचारून मिळणार नाही.

म्हणून आधी माणसांची नाही, ज्ञानाची यादी करा. कोणतं ज्ञान कुणाकडे आहे? कोणतं फक्त बायकांचं, कोणतं एखाद्या कुळाचं? कोणतं ठरावीक ऋतूतच बोलायचं? कोणतं दीक्षा घेतल्याशिवाय ऐकायचंच नाही? ही यादी समाजातल्याच लोकांनी करावी. शेवटच्या गटात काय मोडतं, हे बाहेरच्याला कळण्याची गरजही नाही. ‘इथे काहीतरी आहे, ते शिकवायचं नाही’ एवढी नोंद पुरते.

मग एक छोटा वारसा-गट बनवा. वृद्ध, बायका, तरुण, शहरात गेलेले, धर्म बदललेले असे सगळे त्यात हवेत. गटाला नकाराधिकार द्या आणि तो लेखी द्या. शाळा, संस्था किंवा विद्यापीठ यांचे लोक बैठकीला बसतील, मत देणार नाहीत. हे ऐकून ज्या संस्थेचा चेहरा पडतो, तिच्याशी करार करण्याची घाई करू नये.

कधी कधी वृद्धच म्हणतात, ‘कशाला शिकवता पोरांना हे? आमचं झालं ते झालं.’ याला उदासीनता समजू नका. कॅनडात सुमारे दीड लाख आदिवासी मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत ठेवलं गेलं. मातृभाषा बोलली की शिक्षा व्हायची. त्या देशाच्या सत्य आणि समेट आयोगाने २०१५ साली अहवाल देताना ९४ शिफारशी केल्या, त्यांतल्या कितीतरी भाषा आणि शिक्षणाच्याच आहेत. नॉर्वेतही सामी आणि क्वेन लोकांवरच्या सक्तीच्या नॉर्वेजियनीकरणाचा अहवाल २०२३ साली संसदेपुढे आला. भाषेसाठी मार खाल्लेला माणूस ती नातवाला देताना कचरतो. त्याला पटवायला जाऊ नका. त्याच्या शाळेबद्दल विचारा आणि ऐकून घ्या. पुष्कळदा खरं काम तिथून सुरू होतं.

३. संमती: रेकॉर्डर बंद असताना करायचं काम

संमती म्हणजे फॉर्मवर अंगठा, ही समजूत आधी मोडा. ती दडपणाशिवाय हवी, काम सुरू होण्याआधी हवी, सगळं समजून दिलेली हवी आणि मागे घेता आली पाहिजे.

प्रत्यक्षात हे कसं दिसतं? समजा, एका आजींकडे पेरणीची गाणी आहेत. रेकॉर्डर पिशवीतच ठेवा. आधी सांगा: मी कोण, कुणासाठी काम करतो, पैसे कोण देतं, यातून मला काय मिळणार. मग यंत्र दाखवा, दोन मिनिटं इकडच्या-तिकडच्या गप्पा रेकॉर्ड करा आणि लगेच ऐकवा. स्वतःचा आवाज ऐकल्यावर माणसाला कळतं की आपण नेमकं काय देतो आहोत. ऐकवून झालं की तो तुकडा त्यांच्यासमोर पुसून टाका. ‘नाही’ म्हटलं तर खरंच पुसलं जातं, हे डोळ्यांना दिसलं पाहिजे. त्यानंतर प्रश्न एकेक करून विचारा:

- हे रेकॉर्ड करू का?
- जपून ठेवू का, आणि कुठे?
- घरच्यांनी ऐकलं तर चालेल? समाजातल्या इतरांनी? बाहेरच्यांनी?
- मुलांना शिकवायला वापरू का?
- इंटरनेटवर टाकू का?
- कुणी यातून पैसे कमावणार असेल तर?
- तुमच्या माघारी याबद्दल कुणाला विचारायचं?

सगळ्यांना मिळून एकच ‘हो’ घेऊ नका. पहिल्या चारला हो आणि पाचव्याला नाही, हे अगदी नेहमीचं उत्तर आहे. शेवटचा प्रश्न विचारायला जड जातो, पण टाळू नका. ऑस्ट्रेलियातल्या अनेक आदिवासी समाजांत मृत व्यक्तीचं नाव घेणं, छायाचित्र दाखवणं टाळतात. म्हणून तिथल्या अभिलेखागारांत आणि दूरचित्रवाणीवर तशी आगाऊ सूचना दिलेली असते.

उत्तरं त्याच रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तोंडी घ्या, ती लेखी फॉर्मइतकीच पक्की असतात. काही आठवड्यांनी परत जा, संपूर्ण ध्वनिमुद्रण ऐकवा आणि तेच प्रश्न पुन्हा विचारा. दुसऱ्या भेटीत एखादं कडवं काढायला सांगितलं जातं, तेव्हा समजायचं की संमती खरी होती.

४. नोंद करताना

आवाजासाठी डब्ल्यूएव्ही फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. एमपी३ ही वाटायची प्रत, जपायची नव्हे. मायक्रोफोन तोंडाजवळ, कोंबडी आणि पंखा लांब. कलाकुसरीचा व्हिडिओ घेताना चेहऱ्यापेक्षा हातांवर कॅमेरा ठेवा आणि शक्य असेल तर तो कारागिराच्या खांद्यामागून घ्या. शिकणाऱ्याला गाठ त्याच बाजूने दिसायला हवी. प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला तारीख, ठिकाण, बोलणाऱ्याची ओळख आणि परवानगीची पातळी तोंडाने बोला, कारण फाइलची नावं बदलतात आणि वह्या हरवतात. प्रती तीन, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या गावी. बोललेलं लिहून काढून अर्थ जोडायला ‘ईलॅन’ हे मोफत सॉफ्टवेअर आहे, ते शिकायला वेळ लागतो पण तो वेळ वाया जात नाही.

शब्दकोशापासून सुरुवात करू नये, असं माझं मत आहे. शब्दकोश वर्षानुवर्षं चालतो, तोवर बोलणारे जातात आणि हाती वाक्य नसलेले शब्द उरतात. रोजची बोलणी, भांडणं, सूचना, विनोद आधी नोंदवा. शब्द त्यातून काढता येतात.

साठवण करताना ‘सगळ्यांसाठी खुलं’ हा आदर्श इथे लागू पडत नाही. ऑस्ट्रेलियातल्या टेनंट क्रीकच्या वारुमुंगु समाजासोबत २००७च्या सुमारास ‘मुकुर्तु’ ही डिजिटल साठवण तयार झाली. कोणती गोष्ट कुणी पाहायची हे त्या समाजाच्याच नियमांनी त्यात ठरतं आणि आज ती कुठलाही समाज मोफत वापरू शकतो. ‘लोकल कॉन्टेक्स्ट्स’ या उपक्रमाने पारंपरिक ज्ञानासाठी लेबलं केली आहेत. हे ऋतुनुसार पाहायचं, हे फक्त स्त्रियांसाठी, हे व्यापारासाठी नाही, अशा खुणा त्यांनी फाइलला जोडता येतात. लेबलाला कायद्याचं बळ नसतं. तरी ‘मला माहीत नव्हतं’ ही सबब त्यामुळे संपते.

एखाद्या विद्यापीठात किंवा अभिलेखागारात प्रत ठेवत असाल तर करारात तीन वाक्यं असू द्या: मालकी समाजाची, पाहण्याचे नियम वारसा-गट बदलू शकतो, मागितल्यावर संपूर्ण प्रत परत मिळेल.

५. आधीच कुठेतरी पडलेलं शोधा

नवीन नोंदी करण्याआधी जुन्या शोधाव्यात. मिशनऱ्यांच्या वह्या, वसाहतकाळातले अहवाल, मेणाच्या नळ्यांवरची ध्वनिमुद्रणं, संग्रहालयांची गोदामं. अमेरिकेतल्या वाम्पानोआग लोकांची भाषा शतकाहून अधिक काळ कुणी बोलत नव्हतं. जेसी लिटल डो बेअर्ड यांनी १९९०च्या दशकात ती जुन्या दस्तऐवजांवरून आणि त्या भाषेत १६६३ साली छापलेल्या बायबलवरून परत उभी करायला घेतली. ज्या पुस्तकाने लोकांना त्यांच्या श्रद्धांपासून तोडायचं होतं, त्यानेच भाषा राखून ठेवली. बेअर्ड यांची मुलगी ती भाषा लहानपणापासून बोलत मोठी झाली.

वस्तूंच्या बाबतीत संग्रहालयाला पत्र लिहायला घाबरू नका. पहिल्या पत्रात परत मागू नका. यादी मागा, छायाचित्रं मागा आणि ती वस्तू कधी, कुणाकडून, कशी मिळाली याची नोंद मागा. दुसऱ्या पत्रात वृद्धांना वस्तू पाहायला येण्याची सोय मागा. परतीची मागणी तिसऱ्या पत्रात करा, तोवर हातात त्यांच्याच कागदांचा पुरावा असतो. वेळ लागतो. १६९१ साली जादूटोण्याच्या खटल्यात सामी नोआइदी (विधी करणारे भगत) अँडर्स पौल्सन यांच्याकडून जप्त झालेला ढोल डेन्मार्कमध्ये होता. त्याची मालकी सामींच्या कारास्योक इथल्या संग्रहालयाला मिळायला २०२२ साल उजाडलं. अमेरिकेत १९९०च्या कायद्याने मानवी अवशेष आणि पवित्र वस्तू परत करण्याची जबाबदारी संग्रहालयांवर टाकली आहे. बहुतेक देशांत असा कायदाच नाही, तिथे जाहीरनाम्याची कलमं ११ आणि १२ दाखवावी लागतात.

वस्तू परत आल्यावर काय, हाही प्रश्न आधीच बोलून घ्या. कॅनडातल्या हाइस्ला लोकांचा १९२९ साली नेलेला स्मृतिस्तंभ स्वीडनने २००६ साली परत केला आणि त्याच्या बदल्यात हाइस्लांनी नवा स्तंभ कोरून दिला. संग्रहालयाला हवी होती जपणूक, हवामान-नियंत्रित इमारत. हाइस्लांच्या रीतीत स्तंभ उन्हापावसात जीर्ण होऊन मातीला मिळतो. वारसा जपणं म्हणजे लाकूड टिकवणं की रीत टिकवणं, यावर दोन्ही बाजू प्रामाणिक होत्या. वर्गात मोठ्या मुलांसमोर हाच प्रश्न ठेवून पाहा, तासभर चर्चा थांबत नाही.

६. अभ्यासक्रम: विषयांऐवजी ऋतू

‘लोककला’, ‘पोशाख’, ‘सण’ असे धडे पाडले की वारसा मेलेला वाटतो. समाजाचं स्वतःचं कॅलेंडर घ्या. सामी लोक वर्षाचे आठ ऋतू मानतात, कारण रेनडियर जसे चालतात तसं त्यांचं वर्ष चालतं. न्यूझीलंडमध्ये माओरी नववर्ष मातारिकी २०२२पासून सार्वजनिक सुट्टी झालं, तेही चांद्र कालगणनेनुसार, म्हणून तारीख दरवर्षी हलते. जे काम ज्या काळात होतं, ते त्या काळात शिकवा.

एक धडा जवळून पाहू: मासेमारीचं जाळं. पहिल्या दिवशी मुलं काहीच विणत नाहीत. विणणारा गप्प बसून विणतो, मुलं बघतात. (बहुतेक पारंपरिक ज्ञान असंच दिलं जातं आणि शिक्षकांना ही शांतता सहन होत नाही. तोंड आवरावं.) दुसऱ्या दिवशी एकेकाला सुई आणि मापाची पट्टी मिळते. दोन गाठी जमल्या तरी खूप झालं. गाठीची, दोऱ्याची, पट्टीची नावं हातात वस्तू असतानाच त्या भाषेत येतात, फळ्यावर नाही. तिसऱ्या दिवशी गणित. एका ओळीत किती घरं, पट्टी बोटभर रुंद केली तर घर किती मोठं होतं, तेवढ्या घरातून कोणता मासा निसटेल? मग प्रश्न येतो की लहान मासा निसटू का द्यायचा. तिथून मासेमारी बंद ठेवण्याचे समाजाचे नियम निघतात. आणि चौथ्या दिवशी एखादं मूल विचारतं, ‘मग आता तिथे जाळं टाकायला बंदी का?’ नकाशा काढा. ते पाणी कुणाचं होतं, आता कुणाच्या ताब्यात आहे, परवानगी कोण देतं. हक्कांचा धडा वेगळा घ्यायची गरज उरत नाही.

भाषेचं मात्र स्पष्ट सांगतो: आठवड्याला एक तास भाषा शिकवून बोलणारे तयार होत नाहीत. अभिमान तयार होतो, तोही हवा, पण दोन्हींची गल्लत करू नये. जिथे भाषा परतली तिथे ती लहान मुलांच्या दिवसभराच्या वावरात परतली. न्यूझीलंडमध्ये १९८२ साली पहिलं ‘कोहंगा रेओ’ सुरू झालं. आजी-आजोबा, लहान मुलं आणि दिवसभर फक्त माओरी. पाच वर्षांनी, १९८७ साली, माओरी ही अधिकृत भाषा झाली. हवाईत १८९६च्या कायद्याने शाळांचं माध्यम इंग्रजी केलं होतं. १९८४ साली पालकांनी आणि शिक्षकांनी हवाईयन भाषेतली पहिली ‘पूनाना लेओ’ बालवाडी काढली आणि शाळांवरची बंदी उठली १९८६ साली. दोन्हीकडे क्रम सारखा आहे. आधी घरांनी सुरू केलं, सरकार मागाहून आलं. परवानगीची वाट बघत बसणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

बोलणारे चार-दोनच उरले असतील तर बालवाडी जमणार नाही. तिथे कॅलिफोर्नियात १९९०च्या दशकात सुरू झालेली गुरू-शिष्य पद्धत बरी. एक वृद्ध आणि एक प्रौढ शिष्य रोजची कामं एकत्र करतात, आठवड्याला १० ते २० तास, आणि त्या वेळात दुसरी भाषा पूर्ण बंद. स्वयंपाक, धुणं, चालणं, सगळं त्याच भाषेत. मधली पिढी तुटलेली असते, ती आधी जोडली की मुलांना शिकवायला माणूस मिळतो.

बहुसंख्य समाजाच्या मुलांना विसरू नका. हातातलं पाठ्यपुस्तक घेऊन चार गोष्टी तपासा: आदिवासींबद्दलची क्रियापदं भूतकाळातच आहेत का, एकाही माणसाचं नाव आहे का, चित्रात पोशाखाशिवाय काही आहे का, जमिनीचं काय झालं हे लिहिलंय का. निष्कर्ष पानांच्या क्रमांकांसह पाठ्यपुस्तक मंडळाला पाठवा. नुसत्या संतापाच्या पत्राला उत्तर येत नाही, पान क्रमांकांना कधीतरी येतं.

शिकवणाऱ्या वृद्धांना मानधन द्या, शाल-श्रीफळावर भागवू नका. पदवी नाही म्हणून शाळा अडवत असेल तर प्रशिक्षित शिक्षकासोबत जोडीने तास लावा, पण वेळापत्रकावर नाव दोघांचं.

७. बाजार आणि मोबाइल

कॉपीराइट व्यक्तीला मिळतो आणि काही वर्षांनी संपतो. कुळाची नक्षी कुणा एकाची नसते आणि ती संपत नाही. ऑस्ट्रेलियाच्या १९८८च्या १० डॉलरच्या नोटेवर आदिवासी कलाकार टेरी युंबुलुल यांनी घडवलेल्या पवित्र स्तंभाचं चित्र छापलं गेलं. परवान्यावर सही त्यांची होती, पण समाजाने त्यांनाच जाब विचारला. १९९१ साली न्यायालयाने दावा फेटाळला आणि समाजाच्या हक्काची पुरेशी दखल आपला कायदा घेत नाही, असंही नमूद केलं. १९९८च्या बुलुन बुलुन खटल्यात न्यायालय थोडं पुढे गेलं. कलाकारावर आपल्या कुळाच्या हिताची जबाबदारी असते, हे त्याने मानलं. मे २०२४ मध्ये जागतिक बौद्धिक संपदा संघटनेत जनुकीय संसाधनं आणि त्यांच्याशी जोडलेलं पारंपरिक ज्ञान यांवर करार झाला. गाणी आणि नक्ष्या त्यात येत नाहीत.

म्हणून तूर्त भिस्त करारावर. कंपनी, डिझायनर, पर्यटन संस्था कुणीही आलं तरी सही एका कलाकाराची नको, वारसा-गटाचीही हवी. करारात वापर, मुदत आणि प्रदेश लिहा आणि ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ हे शब्द दिसले की पेन खाली ठेवा. विधी सुरू असताना मोबाइलचं काय, हे पाहुणे येण्याआधी ठरवून दारावर लिहा. नंतर व्हिडिओ काढून टाकायला सांगणं म्हणजे वरातीमागून घोडं.

८. हक्क नाकारला गेला तर

घटना घडली त्याच दिवशी लिहून ठेवा: तारीख, ठिकाण, कोण काय म्हणालं, साक्षीदार. लेखी तक्रार आणि पोच. मग देशातला मानवी हक्क आयोग, न्यायालय. त्यापुढे संयुक्त राष्ट्रांत आदिवासींच्या हक्कांवरचे विशेष प्रतिवेदक (या विषयावर नेमलेले स्वतंत्र तज्ज्ञ) आहेत, त्यांना कुणीही लिहू शकतं. शुल्क नाही, वकील लागत नाही. बंधनकारक आदेश तिथून निघत नाही, पण सरकारला खुलासा मागितला जातो. प्रादेशिक न्यायव्यवस्था असेल तर तीही दारं ठोठवा. केनियात बोगोरिया सरोवराकाठून १९७०च्या दशकात हुसकलेल्या एंडोरॉइस समाजाने आफ्रिकी मानवी हक्क आयोगाकडे दाद मागितली आणि २०१० साली जाहीर झालेल्या निर्णयात मालमत्तेसोबत संस्कृती आणि धर्माच्या हक्काचाही भंग झाल्याचं आयोगाने मान्य केलं. अंमलबजावणी मात्र रखडत राहिली, हेही माहीत असू द्या.

वर्गासाठी केलेल्या नोंदी इथे उपयोगी पडतात. कॅनडातल्या जमिनीच्या हक्काच्या डेल्गामुक खटल्यात गित्सान समाजातल्या एका वृद्ध स्त्रीला पुरावा म्हणून गीत गायचं होतं, तेव्हा खालच्या न्यायालयाचे न्यायाधीश आपल्याला संगीताचा कान नाही अशा अर्थाचं बोलले. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने मात्र मौखिक इतिहासाला लेखी पुराव्याच्या बरोबरीने तोललं पाहिजे, असं सांगितलं. जागांची नावं, तिथल्या गोष्टी, सीमांची गाणी तारखेसह नोंदलेली असतील तर ती न्यायालयात उभी राहतात. एक सावधगिरी: पुराव्यात दिलेलं गुपित गुपित राहत नाही. गोपनीय नोंद वकिलाला दाखवण्याआधी वारसा-गटाला विचारा आणि ती बंद दाराआड ऐकण्याची विनंती न्यायालयाला आधीच करा.

९. पैसा, मोजमाप आणि किल्ल्या

निधी देणाऱ्याला आकडे हवे असतात: किती कार्यक्रम, किती मुलं. द्या. स्वतःसाठी मात्र वेगळं मोजा. किती घरांत मुलं आपणहून त्या भाषेत उत्तर देतात? किती तास समाजातला माणूस शिकवतो आणि किती बाहेरचा? गेल्या वर्षात वारसा-गटाने किती गोष्टींना नकार दिला? एकही नकार नसेल तर नकाराधिकार कागदावरच आहे असं समजा.

प्रकल्प तीन वर्षांचा असतो, मूल मोठं व्हायला पंधरा लागतात. म्हणून पहिल्याच वर्षी विचारा की निधी थांबला तर काय चालू राहील. महागडं ॲप बंद पडतं. आठवड्याची बैठक, जाळ्याचा वर्ग आणि एक चांगला रेकॉर्डर चालू राहतात.

आणि प्रकल्प सुरू झाला त्याच आठवड्यात हार्ड डिस्क, क्लाउडचं खातं, वेबसाइटचं नाव आणि सगळे पासवर्ड वारसा-गटातल्या दोन माणसांच्या नावावर करा, त्यांतली एक तरुण. प्रकल्प समन्वयकाच्या खासगी ईमेलवर काहीही ठेवू नका. दर सहा महिन्यांनी त्या दोघांनी स्वतः लॉगिन करून एक फाइल उघडून दाखवायची, संस्थेचा माणूस खोलीत नसताना.